ओक स्कूलची यादी: एका गाजलेल्या प्रयोगात नक्की कोणाचा पूर्वग्रह मोजला गेला?

शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये, मॅनेजमेंटच्या वर्कशॉपमध्ये, पालकांसाठीच्या भाषणात हा किस्सा हमखास येतो. संशोधकांनी एका शाळेतली काही मुलं आंधळेपणाने निवडली, शिक्षकांना सांगितलं की टेस्टप्रमाणे ही पोरं यंदा चमकणार, टेस्टचा आणि त्या नावांचा काडीचा संबंध नव्हता, आणि वर्ष संपलं तेव्हा त्याच मुलांचा बुद्ध्यांक खरंच जास्त वाढलेला. मग वक्ता थोडा थांबतो, टाळ्या पडतात, आणि तुम्ही मुलाकडे जसं बघाल तसं ते घडतं वगैरे वाक्य येतं. पिग्मॅलियन इफेक्ट म्हणतात तो हाच.

किस्सा घडला हे खरं आहे. १९६४ ते १९६६ या काळात, कॅलिफोर्नियात, साउथ सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, जिला रिपोर्टमध्ये 'ओक स्कूल' असं टोपणनाव दिलंय. पण भाषणात तो जिथे संपवतात त्याच्या पुढचा भाग कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण इथे आकड्यांसकट सलग मांडतोय. मोजायचा होता शिक्षकांचा पूर्वग्रह, पण मोजणाऱ्यांचा आणि नंतर वाचणाऱ्यांचाही पूर्वग्रह त्याच कागदांवर उमटलाय. आणि माझ्या मते तिन्ही वेळा तो एकाच फटीतून आत शिरला, हातात पुरेशी माहिती नसते त्या फटीतून.

आधी उंदीर

ओक स्कूलचा प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथल १९५६ साली यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठातून पीएचडी झाला. थीसिसचं काम करताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली, म्हणजे प्रयोगातल्या गटांना अजून काहीच केलेलं नव्हतं, ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच गटागटांत फरक दिसत होता आणि तो फरक नेमका त्याच्या गृहीतकाला सोयीचा होता. कोण कुठल्या गटात आहे हे त्याला माहीत होतं, तेव्हा नकळत तोच प्रत्येकाशी वेगवेगळं वागला असणार. बहुतेक जण ही गोष्ट थीसिसच्या कोपऱ्यात दडपून पुढे गेले असते, याने त्यावरच आख्खं करिअर केलं.

१९६३ मध्ये त्याचा आणि कर्मिट फोडचा उंदरांवरचा प्रयोग छापून आला. १२ विद्यार्थी, प्रत्येकाला ५ पांढरे उंदीर. निम्म्यांना सांगितलं तुमचे उंदीर चक्रव्यूहातून वाट काढण्यात हुशार असलेल्या वाणाचे, निम्म्यांना सांगितलं तुमचे ढ वाणाचे, प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच. तर 'हुशार' उंदीर खरंच चांगले पळाले, आणि 'ढ' ठरवलेले उंदीर २९ टक्के वेळा सुरुवातीच्या जागेवरून हललेच नाहीत, हुशारांमध्ये हेच प्रमाण ११ टक्के. नंतर विचारलं तेव्हा हुशारवाले विद्यार्थी म्हणाले आमचे उंदीर छान आहेत, आम्ही त्यांना जरा हळुवार हाताळलं. आता उंदराला काही लेबल वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत जे पोचलं ते उचलणाऱ्या हातातून पोचलं असणार.

त्याच वर्षी अमेरिकन सायंटिस्ट मासिकात त्याने लेख लिहिला आणि त्यात जाता जाता विचारलं की उंदरांचं असं होतं तर शिक्षकांच्या अपेक्षेने मुलांचंही होत असेल का. तो लेख साउथ सॅन फ्रान्सिस्कोमधल्या लिनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेने वाचला आणि सरळ पत्र टाकलं की मुलांवर करायचं ठरलं तर मला कळवा. म्हणजे दोघंही या कामात उतरले तेव्हा उत्तर काय यावं याचा अंदाज, किंवा इच्छा म्हणा, मनात होतीच. यात लाजण्यासारखं काही नाही, प्रत्येक संशोधक तसाच उतरतो, आपण फक्त बघायचं की आपल्याच इच्छेपासून वाचायची तजवीज त्याने काय केली.

यादी

शाळेत १८ वर्ग, पहिली ते सहावी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या: वेगवान, मधली, संथ. तुकड्या मुख्यतः वाचनावरून पाडलेल्या. ही तुकड्यांची गोष्ट बऱ्याच जणांना सांगण्यासारखी वाटत नाही, पण पुढे तिचंच काम पडणार आहे.

१९६४ च्या वसंतात मुलांना टोगा नावाची टेस्ट दिली, म्हणजे फ्लॅनगनची बाजारात मिळणारी सामान्य क्षमता चाचणी. एका भागात चित्रं ओळखायची, तो शब्दांचा भाग, दुसऱ्या भागात आकृत्या, त्यातली वेगळी कुठली ते खूण करायची, त्याला तर्काचा भाग म्हणायचं. शिक्षकांना मात्र सांगितलं की ही 'हार्वर्ड टेस्ट ऑफ इन्फ्लेक्टेड अ‍ॅक्विझिशन' आहे, हिच्यावरून कुठल्या मुलाची बुद्धी आता झेप घेणार ते कळतं. या नावाला काही म्हणजे काहीही अर्थ नाही. पण सुरुवातीला हार्वर्ड आहे, पुढे जड शब्द आहेत, कोण विचारतंय! मला तर वाटतं प्रयोगातला पहिला बायस हाच होता, मोठ्या संस्थेचं नाव लावलं की समोरचा मान डोलावतो, आणि तो कुणी मोजलाच नाही.

सप्टेंबरमध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा प्रत्येक शिक्षकाला एक छोटी यादी दिली, अगदी सहज, म्हणजे तुम्हाला उत्सुकता असेल तर बघा अशा सुरात. प्रत्येक वर्गातली १ ते ९ नावं, एकूण मुलांपैकी साधारण २० टक्के. नावं रँडम काढलेली. बाकीची मुलं कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठीचा गट. कोणाबद्दल वाईट काही सांगितलं नाही, फक्त चांगली अपेक्षा पेरली, तेवढं एक बरं केलं. शिक्षकांना फसवलं हे आहेच, आजच्या एथिक्स कमिटीने त्यावर बरेच प्रश्न विचारले असते.

तीच टेस्ट पुन्हा जानेवारी १९६५ मध्ये, मग मे १९६५ मध्ये, आणि मुलं पुढच्या शिक्षकांकडे गेल्यावर मे १९६६ मध्ये. टेस्ट घेत होते वर्गशिक्षकच, म्हणजे ज्यांच्या हातात यादी दिली होती तेच.

आकडे नीट वाचले तर

एका वर्षानंतर कंट्रोल ग्रुपच्या २५५ मुलांचा आयक्यू सरासरी ८.४२ ने वाढला आणि यादीतल्या ६५ मुलांचा १२.२२ ने. फरक ३.८ गुणांचा. थांबा, कंट्रोलचाही आठ गुणांनी वाढला? हो, एकच टेस्ट परत दिली की हात सरावतो, मुलं वयाने मोठी होतात, हे होतंच, म्हणून तर कंट्रोल ग्रुप लागतो.

आता हा ३.८ चा फरक शाळाभर सारखा पसरलेला असता तर गोष्ट वेगळी होती. पहिलीत कंट्रोलची वाढ १२, यादीतल्यांची २७.४, म्हणजे १५.४ चा फरक. दुसरीत ७ आणि १६.५, फरक ९.५. तिसरीत दोन्हीकडे ५, फरक शून्य. चौथीत ३.४ चा किरकोळ फरक, पाचवीत काही नाही, सहावीत कंट्रोलची मुलं नखभर पुढे. म्हणजे सहापैकी चार इयत्तांमध्ये सांगण्यासारखं काही घडलंच नाही आणि सगळा इफेक्ट पहिल्या दोन इयत्तांमधून आला.

आणि त्या दोन इयत्तांमध्ये यादीतली मुलं किती होती तर पहिलीत ७, दुसरीत १२. एकोणीस मुलं! लेखांमध्ये जो आकडा फिरतो की पहिली-दुसरीतल्या निवडलेल्या मुलांपैकी ४७ टक्क्यांनी २० किंवा जास्त गुणांची झेप घेतली आणि कंट्रोलमध्ये फक्त १९ टक्क्यांनी, तो आकडा बरोबर आहे, पण १९ मुलांचे ४७ टक्के म्हणजे ९ मुलं. नऊ म्हटलं की माणूस विचारतो कोण ती नऊ, कुठल्या वर्गातली, त्यांना त्या दिवशी बरं होतं का. ४७ टक्के म्हटलं की काही विचारत नाही. टक्केवारीचा हा गुण मला कायम खटकतो.

याहून मोठा मुद्दा म्हणजे इथे मोजायचं काय होतं, शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम. अपेक्षा शिक्षकाच्या डोक्यात असते, तेव्हा खरं सॅम्पल शिक्षकांचं. पहिली-दुसरीचे मिळून वर्ग सहा, म्हणजे सहा शिक्षक. सहा जणांच्या वागण्यावरून जगभरच्या शिक्षकांबद्दल निष्कर्ष. त्यात इयत्ता, तुकडी, मुलगा की मुलगी, मेक्सिकन वंशाचा की नाही, शब्दांचा भाग की तर्काचा, पहिली फेरटेस्ट की दुसरी की तिसरी, इतक्या बाजूंनी डेटा कापून बघितलाय की कुठे ना कुठे काहीतरी चमकणारच.

थॉर्नडाइकचा हातोडा

१९६८ मध्ये रोझेंथल आणि जेकबसनचं या प्रयोगावरचं 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' हे पुस्तक आलं, सायंटिफिक अमेरिकनच्या एप्रिल अंकात लेख आला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइकने परीक्षण लिहून पुस्तकाची सालं काढली. त्याचं म्हणणं, हे काम तांत्रिकदृष्ट्या इतकं सदोष आहे की मूळ संशोधकांच्या नजरेपलीकडे ते गेलं याचंच वाईट वाटतं. भाषा जहरी होती पण त्यामागचा हिशोब कोणालाही ताडून बघता येण्यासारखा होता.

पहिलीच्या संथ तुकडीचा तर्काच्या भागातला सुरुवातीचा सरासरी आयक्यू साधारण ३१ निघत होता. ३१! हा एखाद्या मुलाचा स्कोअर नाही, आख्ख्या वर्गाची सरासरी. हे खरं मानायचं तर ती मुलं गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली म्हणावी लागतील, आणि ती तर सर्वसाधारण शाळेत रोज येऊन बसत होती, शिकत होती. सरळ अर्थ असा की त्या पोरांना टेस्ट कळलीच नव्हती, कोणी मध्येच सोडली असेल, कोणी भलत्याच चौकटीत खुणा केल्या असतील. मग वर्षभराने तीच मुलं पेन्सिल धरायला आणि सूचना ऐकायला शिकली की स्कोअर उडणारच, त्याला बुद्धी वाढली म्हणायचं का?

पुढे रिचर्ड स्नोने आणि मग १९७१ मध्ये जॅनेट इलाशॉफ आणि स्नो या दोघांनी मिळून मूळ डेटा उघडून पुन्हा तपासला तेव्हा एकेका मुलाचे आकडे दिसले. एक मूल १८ वरून १२२ वर, एक १३३ वरून २०२ वर. टेस्टच्या नॉर्मचे, म्हणजे गुणांवरून आयक्यू काढायचे, तक्ते ६० ते १६० एवढ्याच पट्ट्यासाठी होते, त्याच्या खालचे-वरचे आकडे नुसते रेघ पुढे ओढून काढलेले. ज्या वयाच्या मुलांसाठी ही टेस्ट सगळ्यात लंगडी होती, त्याच वयात सगळ्यात मोठा इफेक्ट सापडला, हा योगायोग मला तरी पचत नाही.

निष्पक्ष राहायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. थॉर्नडाइक स्वतः बुद्धिमत्ता चाचण्या बनवणारा माणूस, लॉर्ज-थॉर्नडाइक टेस्टमधला थॉर्नडाइक हाच. बुद्ध्यांक शिक्षकाच्या नजरेने असा वरखाली होतो हे सिद्ध झालं असतं तर त्याच्या धंद्यालाच धक्का होता. तेव्हा त्याच्या तिखटपणात त्याचाही पूर्वग्रह असू शकतो, पण ३१ चा आकडा त्याने घरून आणला नव्हता. रोझेंथलही गप्प बसला नाही, डोनाल्ड रुबिनबरोबर त्याने इलाशॉफ-स्नोच्या त्याच पुस्तकात उत्तर दिलं आणि इफेक्ट टिकतोच असं ठासून मांडलं. दोन्ही बाजूंना डेटा एकच, आणि निष्कर्ष विरुद्ध.

शिक्षकांची आठवण हा आणखी एक काटा. वर्षाअखेरीला विचारलं तेव्हा बहुतेकांना यादीतली नावं नीट आठवत नव्हती, अनेकांनी सांगितलं आम्ही यादीवर नजर टाकली आणि सोडून दिली. पाठीराखे म्हणतात बघा, म्हणूनच परिणाम नकळत होतो. असंही असेल. पण यादी आठवली तरी सिद्धांत खरा, विसरली तरी खरा, असं व्हायला लागलं की मला जरा सावध व्हावंसं वाटतं.

लोकांना काय ऐकायचं होतं

पुस्तक कुठल्या काळात आलं ते बघा. १९६५ मध्ये अमेरिकेत गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा देणारा मोठा शिक्षण कायदा झालेला. १९६६ मध्ये कोलमन रिपोर्टने सांगितलं की मुलांच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा दिसतो, म्हणजे सुधारणावाद्यांच्या उत्साहावर पाणी. अशात कोणीतरी येऊन म्हणतं की पैसाही नको, साधनंही नकोत, शिक्षकाने नुसता विश्वास ठेवला तरी पोरं पंधरा गुणांनी वर जातात. कोणाला नको असेल! आणि १९६९ मध्ये आर्थर जेन्सनचा लेख आला, बुद्ध्यांक मुख्यतः आनुवंशिक आहे आणि वाढवायच्या योजनांचा फारसा उपयोग होत नाही अशा सुराचा, की मग दोन तट पडले आणि ओक स्कूल हा पुरावा उरला नाही, कुठल्या तटाचा माणूस आहे हे ओळखायची खूण झाली. गंमत अशी की दोन्ही तटांवरच्या बऱ्याच लोकांनी ते ७ आणि १२ चे आकडे उघडूनही बघितले नसणार, त्यांचं मत आधीच ठरलं होतं, पुरावा नंतर चिकटवला.

दोन आठवडे

मग हे सगळं फेकून द्यायचं का? नाही. त्याच काळात इतरांनी प्रयोग परत करून बघितले. १९६९ मध्ये विल्यम क्लेबोर्नने छापलं की आम्हाला असा परिणाम सापडला नाही. उलट बाजूने १९७० मध्ये जेरी ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या वर्गात बसून बघितलं की शिक्षक ज्यांच्याकडून जास्त अपेक्षा करतात त्यांच्याशी वागतात कसे, तर बरोबर उत्तराला कौतुक जास्त आणि चुकल्यावर बोलणी कमी, आणि कमी अपेक्षेच्या मुलांचं बरोबर उलट. रोझेंथलने पुढे याचे चार धागे सांगितले: वर्गातली ऊब, शिकवायला घेतलेल्या मजकुराचं प्रमाण, उत्तर द्यायला मिळणारी संधी आणि प्रतिसादाची पद्धत. ज्याने वर्गात शिकवलंय त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही, प्रश्न विचारून कोणासाठी तीन सेकंद थांबायचं आणि कोणाला लगेच बस म्हणायचं हे हात आपोआप ठरवतो.

१९७८ मध्ये रोझेंथल आणि रुबिनने अपेक्षेच्या परिणामावरचे ३४५ अभ्यास एकत्र केले, प्रयोगशाळेतले, प्राण्यांवरचे, वर्गातले, सगळे. एकूणात परिणाम आहे असं निघालं, क्षेत्राप्रमाणे कमीजास्त. आणि इथे माणसाचं कौतुक करावंसं वाटतं, कारण पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, याच रोझेंथलने 'फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम' हे नाव रूढ केलं, म्हणजे ज्या अभ्यासांत काही सापडत नाही ते छापलेच जात नाहीत, कपाटात पडून राहतात, आणि छापलेल्यांची बेरीज केली की परिणाम फुगलेला दिसतो. आपल्याच बेरजेवर येणारी शंका त्याने स्वतः मोजायच्या रीतीसकट मांडली.

पण या प्रकरणाची किल्ली माझ्या मते स्टीफन राउडेनबुशच्या १९८४ च्या पेपरमध्ये आहे. त्याने शिक्षकांच्या अपेक्षेने आयक्यू बदलतो का हे तपासणारे १८ प्रयोग घेतले आणि एकच साधा प्रश्न विचारला, खोटी माहिती मिळाली तेव्हा शिक्षक त्या मुलांना किती दिवस ओळखत होते? उत्तर स्वच्छ आलं. ओळख नवी असेल तर परिणाम दिसतो, आणि दोन आठवड्यांहून जास्त ओळख झालेली असेल तर जवळजवळ शून्य. इयत्तांमध्ये बघितलं तर परिणाम पहिली, दुसरी आणि सातवीत जास्त. सातवी मध्येच कुठून आली? अमेरिकेत तिथे मुलं प्राथमिक शाळा सोडून नव्या शाळेत जातात, नवे शिक्षक, कोणी कोणाला ओळखत नाही.

म्हणजे शिक्षक काही मातीचा गोळा नाही की हार्वर्डचा शिक्का मारला की तसा उमटला. दोन आठवडे मूल समोर वावरलं, त्याने फळ्यावर गणित सोडवलं, वही दाखवली, भांडण केलं, की शिक्षक कागदावरच्या यादीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. यादी चालते ती कोऱ्या पाटीवर. ओक स्कूलच्या वरच्या इयत्तांमध्ये काही का घडलं नाही याचं मला पटणारं कारण हेच, तिसरीपासून पुढची मुलं शाळेत जुनी, त्यांचा लौकिक शिक्षकांच्या खोलीत आधीच पोचलेला असणार. थॉर्नडाइकचं बरोबर मानलं तरी हा भाग शिल्लक राहतो, कारण तो १८ वेगवेगळ्या प्रयोगांवर उभा आहे.

आणि मग तोच नियम संशोधकांना लावून बघा. टेस्ट लंगडी, मुलं १९, शिक्षक ६, म्हणजे पाटी जवळजवळ कोरी, त्यावर मनातलं उत्तर उमटायला जागाच जागा. वाचकांना लावा, त्यांच्याकडे तर एक मथळा आणि एक टक्केवारी. २००५ मध्ये ली जुसिम आणि केंट हार्बर यांनी पस्तीस-चाळीस वर्षांचं सगळं संशोधन चाळून जे लिहिलं ते मथळ्यात बसणारं नाही: स्वतःला खरी करणारी भाकितं वर्गात घडतात, पण बहुधा लहान प्रमाणात, वर्षागणिक साचत जाण्यापेक्षा ती विरत जातात, शिक्षकांची अपेक्षा आणि मुलांचे निकाल जुळतात ते बऱ्याच अंशी शिक्षकांचा अंदाज बरोबर असतो म्हणून, मात्र ज्या गटांवर समाजाने आधीच शिक्का मारलाय त्या मुलांवर परिणाम मोठा असू शकतो. एवढ्या पण-परंतुवर कुठलं भाषण रंगणार!

कंट्रोल ग्रुपमधली ती मुलं

आता जो निकाल मला या सगळ्यात सर्वात अस्वस्थ करणारा वाटतो तो. वर्षाच्या शेवटी शिक्षकांना मुलांचं वर्णन करायला सांगितलं होतं. यादीतली मुलं जास्त जिज्ञासू, जास्त आनंदी, पुढे यशस्वी होतील अशी वाटली, ते अपेक्षितच. पण यादीत नसलेल्या काही मुलांचेही गुण वर्षभरात चांगले वाढले होते, कोणाच्या भाकिताशिवाय, आपल्या आपण. त्यांच्याबद्दल शिक्षकांचं मत चांगलं व्हायला हवं ना? तसं झालं नाही, खास करून संथ तुकडीत. तिथे यादीबाहेरच्या मुलाचा आयक्यू जितका जास्त वाढला तितकं शिक्षकांचं त्याच्याबद्दलचं मत कमी अनुकूल निघालं.

इथे माझं वरचं सूत्र अपुरं पडतं हे कबूल करायला हवं. संथ तुकडीतल्या मुलाला शिक्षक वर्षभर बघत होते, दोन आठवड्यांचा प्रश्नच नव्हता, पाटी कोरी नव्हती. म्हणजे पूर्वग्रह रिकाम्या जागेत शिरतो तसा भरलेल्या जागेत दार लावूनही बसतो, ठरलेल्या जागेवरून मूल हललं की ते उद्धट वाटायला लागतं, आगाऊ वाटायला लागतं. आकडे अर्थात याच लंगड्या टेस्टचे आहेत, तेव्हा यावरही जपूनच बोलायचं. पण दिशा पटण्यासारखी आहे, आणि भाषणांमध्ये हा भाग कधीच येत नाही कारण यातून टाळ्यांचं वाक्य निघत नाही.

शिवाय खोटी यादी वरवर वाचून बाजूला ठेवलेली, पण खरी यादी तर शाळेतच होती की. वेगवान, मधली, संथ. ती कोणी रँडम काढली नव्हती, सगळ्यांना माहीत होती, मुलांनासुद्धा, आणि दर वर्षी नव्या शिक्षकाच्या हातात पडत होती, पहिल्या दिवशी, ओळख व्हायच्या आधी. राउडेनबुशचे दोन आठवडे आठवा आणि विचार करा ही यादी कधी पोचते.

म्हणून हा प्रयोग आज कोणी परत करायचा म्हटलं तर खोट्या नावांची यादी वाटण्यात मला फारसा रस वाटत नाही. गृहीतक आणि हिशोबाची पद्धत आधीच नोंदवून ठेवावी, टेस्ट त्या वयाला नीट बसणारी आणि बाहेरच्या, काही माहीत नसलेल्या माणसाने घेतलेली असावी, सॅम्पल मुलांचं न मोजता शिक्षकांचं मोजावं. अर्ध्या वर्गांमध्ये तुकडीचा आणि जुन्या निकालांचा कागद शिक्षकाला पहिल्या दिवशीच द्यावा, अर्ध्यांमध्ये महिन्याभराने. आणि वर्षाच्या शेवटी आयक्यू किती वाढला यापेक्षा खालच्या तुकडीतल्या ज्या मुलांनी प्रगती केली त्यांतली किती वरच्या तुकडीत गेली, आणि शिक्षकांनी त्यांच्याबद्दल शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं, ते तपासावं.